वैनींना उतरवू नका

"पुठ्ठा टाकू द्या," हे मिस्त्रीचं पहिलं वाक्य. रामराम नाही, चौकशी नाही. हर्सूलला रस्त्याकडेला लिंबाखाली त्याचं गाड्या दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे दोन पत्रे आणि हत्यारांची पेटी. खोक्याचा फाडलेला पुठ्ठा तो इंजिनाखाली सरकवायचा आणि उकिडवा बसून ठिपक्यांची वाट बघायचा. हिरवा ठिपका पडला तर कूलंट, काळा पडला तर ऑइल. आणि नुसतंच पाणी पडलं तर आपल्याकडे असा बघायचा, की आपली आपल्यालाच लाज वाटावी.

"बोअरचं घातलं ना? खरं सांगा."

"थोडंसं."

"तुम्ही प्या बोअरचं खारं पाणी. तिला नका पाजू."

आम्ही सगळे त्याला मिस्त्रीच म्हणायचो. रेडिएटरच्या पाईपला हाताची मागची बाजू लावून तो डोळे मिटायचा. बाप मेंढरं राखायचा त्याचा. "बा मेंढराच्या कानाला असाच हात लावायचा. ताप लगेच कळतो," म्हणायचा. माझ्या जुन्या व्हॅनवर त्याचा भारी जीव. "म्हातारी लई सोशिक हाय," म्हणाला की पुढच्या सीटवरून माझी बायको विचारायची, "मला म्हणताय का गाडीला?" मिस्त्री लाजून पेटीत पाना शोधायला लागायचा.

बायकोच्या किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा फुलंब्रीकडून हर्सूलवरून शहरात डायलिसिसला न्यायचं. नंबर सकाळी आठचा. चुकला की चुकला.

आता तुम्ही अशी व्हॅन पाहिली असेल तर तुम्हाला माहीत असेल, तिचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. ते बघायचं तर सीटवरचं माणूस उतरवावं लागतं. बायकोला मागं बसलं की मळमळायचं, म्हणून ती पुढंच बसायची. पाय सुजून खांबासारखे झालेले. उतरवायला दोघं लागायचे, चढवायला तिघं.

मिस्त्री आधीच हात वर करायचा. "वैनींना उतरवू नका. खालून बघतो." साठीचा माणूस खडीवर उताणा सरकायचा आणि खालून आवाज यायचा, "वैनी, चहा झाला का?"

"कुठला चहा! मला पाणीसुद्धा मोजून देतात."

"आन् हिला कितीबी द्या, भागत नाय."

ती हसायची. त्या दिवसांत ती दुसऱ्या कुठे हसत नव्हती.

वैशाखातली एक सकाळ. दोन दिवस पाणी भरत होतो आणि कमी होत होतं. मिस्त्रीनं पुठ्ठा टाकला. बराच वेळ झाला तरी पुठ्ठा कोरडा. पाणी जातंय आणि खाली पडत नाही, म्हणजे वर कुठेतरी फुटलंय आणि तापल्या इंजिनावर पडून वाफ होतंय. हे त्याला कळलं. इतक्या वर्षांत मलाही कळत होतं.

"सीट उचलावी लागंल," तो हळूच म्हणाला. मग त्यानं तिच्याकडे पाहिलं. ती पदर तोंडाला लावून डोळे मिटून बसली होती.

"राहू द्या. वैनींना उतरवू नका. पाणी भरून देतो, दवाखान्यापर्यंत जाईल. येताना बघू."

मी हो म्हणालो. खरं सांगतो, मला बरंच वाटलं.

शहरातल्या दिल्ली गेटच्या अलीकडे सीटखालून वाफ आली. तिला उतरवावंच लागलं, भर रस्त्यात, अनोळखी माणसांच्या हातांनी. डिव्हायडरवर बसवलं. रिक्षा मिळेपर्यंत नंबर गेला होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळचा मिळाला, पण तोवर छातीत पाणी झालं होतं. चौथ्या दिवशी ती गेली. डॉक्टर म्हणाले, आज ना उद्या हे व्हायचंच होतं. मी ऐकून घेतलं. मला रडू आलं नाही. अजूनही येत नाही.

चौदाव्या दिवशी मिस्त्री जुन्या लूनावर पेटी बांधून आमच्या गावी आला. बसला नाही. पाण्याचा तांब्या पुढे केला, तोही घेतला नाही.

"चावी द्या."

त्यानं पुढची सीट उचलली. खाली तिची केसाची पिन पडली होती; ती त्यानं पुसून डॅशबोर्डवर ठेवली. पाईपला नखाएवढी चीर होती. त्यानं नवा पाईप घातला, क्लिप आवळली.

"पाच मिनिटांचं काम हुतं," तो म्हणाला. मग पुन्हा म्हणाला, "पाच मिनिटांचं."

"मीही हो म्हणालो होतो, मिस्त्री."

"व्हय. पर तुम्ही मिस्त्री नव्हता."

त्यानं पुठ्ठा सरकवला, इंजिन चालू केलं आणि तासभर उन्हात उकिडवा बसून राहिला. एक थेंब पडला नाही, आतलं पाणीही कमी झालं नाही. मग उठला, सीट खाली बसवली, हातानं झटकली आणि गेला.

पुढे महिन्याभरानं हर्सूलला थांबलो तर पत्रे नव्हते. शेजारचा चहावाला म्हणाला, "सोयगावला गेले लेकीकडं. हत्यारं बी इथंच वाटून टाकली. का ते सांगितलं नाय." मला माहीत होतं. मीही सांगितलं नाही.

सकाळी उठून मी अजून पुठ्ठा टाकतो. व्हॅन कुठे जात नाही, नुसतं इंजिन चालू करतो आणि शेजारी बसतो. पुठ्ठा कोरडा असतो. तरी उठून एकदा सीटखाली बघून घेतो. सीट आता केव्हाही उचलता येते.