मुकट्याच्या चिंध्या

श्रीधरचा, माझ्या वहिनीच्या मुलाचा, फोन आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. "अत्ते, आई गेली... झोपेतच," एवढंच तो म्हणाला. रडू नंतर आलं. आधी मनात आलं ते अगदीच स्वार्थी होतं: आता राहिलंच. एक गोष्ट वहिनीच्या देखत चार माणसांत कबूल करायची होती, ती साठ वर्षं मी आज करू, उद्या करू म्हणत ढकलत आणली होती. धीर नव्हता, दुसरं कारण नाही.

आमचं घर यशवंतपूरला, रुळांपासून हाकेच्या अंतरावर. अण्णा, म्हणजे माझे वडील, रेल्वेत कारकून. आई मी लहान असतानाच गेली. दादाचं लग्न होऊन धारवाडची वहिनी आली तेव्हा मी दहा वर्षांची आणि ती एकोणीसची. पन्नासचं दशक सरत आलं होतं. दादाची नोकरी अरसीकेरेला, तो महिन्यातून एकदा येई. घरात आम्ही तिघंच, आणि अण्णांसमोर तोंड उघडायची कुणाची छाती नव्हती. वहिनीला एकच नाद होता, जुन्या कपड्यांच्या चिंध्यांची बसकरं करायची. दुपारी अण्णा कचेरीत गेले की ती जुनेराचं गाठोडं सोडून बसे. कापड खिडकीसमोर धरायचं. पलीकडचे गज दिसले की ते फाडायच्या लायकीचं झालं. मग दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या, तीन पट्ट्यांची वेणी, आणि ती वेणी मधोमध सुरू करून गोल गोल शिवत बाहेर न्यायची. मी घाईघाईनं दोरा आवळला की बसकराची वाटी व्हायची. "पुट्टी, स्वल्प सैल सोड," ती मला लाडानं म्हणे, "त्यालापण पसरायला जागा लागते." शिवण उसवून ती पुन्हा माझ्याच हातात देई. आई नसलेल्या मुलीला इतक्या शांतपणे कुणी काही शिकवलं नव्हतं.

अण्णांचा एक डाळिंबी मुकटा होता, सोवळ्यात नेसायचं रेशमी धोतर. तो देवघरातल्या उंच दांडीवर असे, काठीनंच काढायचा, पारोशानं शिवायचा नाही. फार जुना झाला होता. एकदा वहिनी सहज म्हणाली, "नवा आला की हा बसकराच्या मधोमध घालू. काय रंग आहे बघ!" अण्णा पेठेत जाऊन नवा मुकटा आणणार आहेत, हेही मी ऐकलं होतं. आजोबांच्या श्राद्धाच्या आदल्या दुपारी, वहिनी तांदूळ निवडत असताना, मी तो काठीनं ओढला आणि खिडकीसमोर धरला. गज स्वच्छ दिसले. तिला चकित करायचं म्हणून मी त्याच्या पट्ट्या फाडून गाठोड्यात ठेवल्या. नवा मुकटा अजून आलेलाच नव्हता, आणि आला का, हे विचारायचं मला सुचलं नाही.

सकाळी अण्णा न्हाणीघरात होते. वहिनी सोवळ्यात स्वयंपाकाला लागली होती, ती मुकटा घ्यायला देवघरात गेली आणि रिकाम्या हातानं परत आली. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी गाठोड्याकडे पाहिलं. आतून तांब्यातांब्यानं पाणी पडल्याचा आवाज येत होता. तो थांबायच्या आत काहीतरी करायला हवं होतं. शिवून भागणार नव्हतं, श्राद्धाला शिवलेलं वस्त्र चालत नाही. रेशमी नसेल तर सुती धोतर ओलं करून, ओलेत्यानं बसणं तेवढं चालतं. पण ते थंडीचे दिवस, आणि अण्णांना दमा. वहिनीनं धुतलेलं धोतर बादलीत बुडवलं, पिळलं. पाणी थांबलं. दाराशी धोतर ठेवून ती म्हणाली, "अण्णा, मुकटा नाही. आज हे नेसा." तेवढ्यात भटजींनी बाहेरून हाक मारली.

तीन तास अण्णा ओल्या धोतरात बसले. मंत्रांच्या मधे त्यांची छाती वाजत होती. भटजी म्हणाले, "हे काय, ओलेत्यानं?" अण्णा "सरी, असू दे, पुढं चला," एवढंच म्हणाले. वहिनी वाढत होती आणि मी दाराआड उभी राहून देवाला विनवत होते की पंगत उठूच नये. पंगत उठली. भटजी गेले. अण्णांनी कोरडं धोतर नेसलं, आरामखुर्चीत बसले आणि विचारलं, "कुणी फाडला?"

मी पुढं होणार होते... असं आजवर स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे माझा पाय उचलला नाही. वहिनी म्हणाली, "मी."

"उद्याच्या गाडीनं धारवाडला जा. आणि या घरात पुन्हा चिंधी फाडायची नाही."

सकाळी ती ट्रंक भरत असताना मी रडत म्हणाले, मी अण्णांना सांगते. तिनं माझं तोंडच दाबलं. "तुला कुठं पाठवतील, पुट्टी? मला निदान माहेर आहे." पाच महिने ती तिकडं राहिली. नवऱ्यानं टाकलेली म्हणून तिथं बायका काय काय बोलल्या, ते मला फार उशिरा कळलं. मी इथं कच्च्या पोळ्या भाजत गप्प होते. शेवटी अण्णा दम्यानं अंथरुणाला खिळले तेव्हा दादा तिला घेऊन आला. अण्णांची सगळी शुश्रूषा तिनंच केली, पण चिंधीचा हुकूम त्यांनी मागं घेतला नाही. सहा-सात वर्षांनी ते गेले, त्यानंतरच तिनं पुन्हा सुई हातात घेतली. मी एकदा विषय काढला तर म्हणाली, "सोड गं." आणि मी सोडला. मला तेच हवं होतं.

वहिनीचं तेरावं झाल्यावर श्रीधरच्या घरी तिच्या साड्या काढल्या. गेलेल्या माणसाचं कापड आमच्यात पायाखाली घालत नाहीत, पांघरायला घेतात. पण तिनं बजावून ठेवलं होतं, बसकरंच करा, आल्यागेल्यानं बसावं. तिची नात हसत म्हणाली, "आज्जी सांगायची, मी तुमच्या पणजोबांचा मुकटा फाडला न् माहेरी हाकलली गेले!" सगळे हसले. म्हणजे पोटच्या पोरांनाही तिनं खरं सांगितलं नव्हतं. माझं नाव झाकायला ती जन्मभर स्वतःवर हसवत राहिली होती.

"तिनं नाही फाडला," मी म्हणाले. मग सगळं सांगितलं, भटजी, ओलं धोतर, दाराआडची मी. श्रीधर माझ्याकडे बघायचं टाळत खिडकीबाहेर पाहत राहिला. आईचे ते पाच महिने तो मोजत असावा. माफी मागायला तोंड उघडलं, पण ती त्याच्याकडे मागून काय उपयोग होता? नातीनंच एक निळी साडी माझ्यापुढं धरली. मी कात्रीनं काठ कापला, दोन्ही हातांनी कापड धरलं आणि स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, "मी फाडते आहे."