विहीणबाईंची भाषा

नवी भाषा शिकली की माणसाचा नवा जन्म होतो, असं समारंभांतून सांगतात. आमचे गुंडेराव सत्तराव्या वर्षी सिसिलियन शिकायला बसले आणि अगदी पूर्वीचेच राहिले: चहा बशीतून पिणारे आणि दुसऱ्याचं वाक्य अर्ध्यावरच दुरुस्त करणारे.

हैदराबादेत तारनाक्याला आमची घरं समोरासमोर. गुंडेरावांनी उभा जन्म कोर्टात तर्जुमे केले. या भाषेतलं त्या भाषेत: उर्दू, तेलुगू, मराठी, इंग्रजी. "चार भाषांत लोकांचं खोटं उतरवलंय मियाँ," म्हणायचे, "स्वतःचं बोलायला फुरसत कुठं?" त्यांची एकुलती लेक सुधा इटलीला शिकायला गेली आणि तिथल्या सिसिली बेटावरच्या मुलाशी लग्न करून मोकळी झाली. गुंडेरावांनी बोलणं टाकलं. लग्नानंतर मुलाच्या आईनं आपणहून फोन केला, आपल्या बोलीत दोन वाक्यं बोलली. कोण ते ओळखूनही गुंडेराव "राँग नंबर" म्हणाले आणि फोन ठेवून दिला.

तीन वर्षांनी मुलीवरचा राग ओसरला. तो फोन मात्र छातीवर बसला. "विहीण आहे हो ती. आपल्याकडं विहिणीला पाट-रांगोळी करतात. मी तिला राँग नंबर केलं."

मग त्यांनी कुठूनसं सिसिलियनचं पहिलं पाठ्यपुस्तक मिळवलं आणि कोठीच्या बाजारात त्याच्या दोन झेरॉक्स काढून स्पायरल घातली. वीस धडे. दुसरी प्रत माझ्यासाठी: धड्यातला मासेवाला मी, गिऱ्हाईक ते. "ड आहे मियाँ त्यांच्यात! सुंदर बाईला 'बेड्डा' म्हणतात. बाकीच्या इटलीवाल्यांची जीभ वळत नाही, आपली मस्त वळते." सकाळी इडलीच्या गाडीपाशी जाऊन मोठ्यानं "सब्बिनिरिका!" म्हणत. म्हणजे 'आशीर्वाद द्या'; तिकडं जुन्या चालीची माणसं थोरांना असं म्हणतात. गाडीवाला शांतपणे विचारी, "पार्सला, सार?"

त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, वैतागत. "काय सांगायचं ते मराठीत सांगा की. सुधा सांगेल त्यांना."

"माफी तर्जुम्यातून मागतात होय? जन्मभर केलंय ते मी. तर्जुम्यात पहिली माफीच गळते."

चौदावा धडा झाला त्या संध्याकाळी ते एक कागद घेऊन आले. त्यावर चार वाक्यं होती. खुर्ची दिली तरी बसले नाहीत; कोर्टात उभं राहावं तसं उभं राहून वाचली. वाचून झाल्यावर म्हणाले, "करू का फोन आता?"

मला चुरचुरीत बोलायची खोड होती. "करा की," मी म्हणालो, "पण विहीणबाईंना वाटेल, तुम्ही मासे मागताय."

ते हसले. कागदाची घडी घालून खिशात ठेवली. "हौ, बरोबर आहे. आधी पुस्तक पुरं करू."

सतराव्या धड्याला विहीणबाई गेल्या. सुधानं काकूंना फोनवर कळवलं. गुंडेरावांनी उरलेले तीन धडे केले नाहीत. पुढं ते सुधाशी बोलू लागले, पण हवापाण्यावर; पुस्तकाचं नाव काढायचं नाही, अशी काकूंना ताकीद होती. मला त्यांनी कधी दोष दिला नाही. दिला असता तर निदान मी माझी बाजू मांडली असती. पुढच्या वर्षी तेही गेले.

तेराव्याला सुधा आली. मी तिला सगळं सांगितलं: तो फोन, ते धडे, ती चार वाक्यं. माझं वाक्यही सांगितलं. ती स्पायरलची पानं उलटत राहिली. मार्जिनमध्ये देवनागरीत बारीक अक्षरांत उच्चार लिहिलेले होते.

"त्या फोनबद्दल सासूबाई कधी बोलल्या नाहीत," ती म्हणाली. मग पुस्तक मिटून म्हणाली, "पण बाबा इंग्रजीत बोलले असते तरी चाललं असतं हो काका. सासूबाईंची बावीस वर्षं ऑस्ट्रेलियात बेकरी होती."