विचारून जाते, साहेब

"आत शिरण्याआधी तुम्ही वॉचमनला विचारता की नाही?"

"विचारते ना, साहेब."

"मोठ्याने सांगा. कोर्टाला ऐकू आलं पाहिजे."

"विचारून जाते, साहेब."

भरलेला वर्ग हसला. मागच्या बाकावरून कुणीतरी शिट्टी मारली. साहेब नाकाला रुमाल लावून पुढे आले, मग वास आठवल्यासारखं करून दोन पावलं मागे सरकले. पुन्हा हशा.

हे साहेब म्हणजे ईशान. माझ्याच वर्गातला. बावीस वर्षांचा पोरगा, अंगात वकील बापाचा काळा कोट, खांद्यावर ढगळ. आणि त्याला साहेब म्हणणारी मी. अठ्ठावन्न वर्षांची कोळीण, नऊवारी लुगडं, केसांत गजरा, तोंडाला पावडर. माझ्याकडेही त्याच्यासारखंच ओळखपत्र होतं. विद्यापीठाचं लॉ कॉलेज, पहिलं वर्ष. ते मी त्या दिवशी पिशवीत ठेवलं होतं. गळ्यात घातलं असतं तर माझी माळ झाकली गेली असती ना.

तेव्हाची ती बाई आठवली की मला आजही तिला चिमटा काढावासा वाटतो. मुक्त विद्यापीठातून बीए झाली, सीईटी दिली, सकाळी मासळीची पाटी सुनेच्या डोक्यावर देऊन अंधेरीच्या कॉलेजात येऊन बसली. एवढी शहाणी. पण कुणी "आजी, किती गोड" म्हटलं की विरघळली.

झालं होतं असं. प्रॅक्टिकलसाठी खोटा खटला चालवायचा होता. आमच्या मॅडमनी महिनाभर आधी मला थांबवून सहज विचारलं होतं, "आजी, तुमच्याकडे मासे सुकवता ती जागा कुणाची हो?" मला कोण आनंद. मी सगळं सांगितलं. आमचं खळं, म्हणजे बोंबील सुकवायचं मैदान. माझ्या सासूची सासू तिथेच काठ्या बांधून बोंबील टांगायची. मग वाटेत बिल्डरची भिंत आली, टॉवर आला, गेट आलं, गेटवर वॉचमन आला. आता आम्ही त्या गेटातून जातो. मॅडम मान हलवत ऐकत होत्या. मी चहासुद्धा पाजला त्यांना.

महिन्याने तीच गोष्ट टाइप होऊन वर्गात आली. सोसायटी विरुद्ध कोळणी. नावं बदललेली. मॅडम भूमिका वाटत होत्या. सोसायटीचा वकील ईशान. कोळणींची वकील तन्वी, मुलुंडची, चुणचुणीत पोरगी. मी हात वर केला. म्हटलं, "मॅडम, मी कोळणींची वकील होते."

"अहो आजी, तुम्ही साक्षीदार व्हा. तुम्हाला काही पाठ करावं लागणार नाही."

पोरं म्हणाली, "आजी, लुगडं नेसून या हां. झकास दिसेल."

आणि ही बया नेसली. इस्त्री करून.

ईशानने पुढे विचारलं, "या परवानगीच्या बदल्यात त्याला मासे देता?"

"देते. पहिला वाटा त्याचाच."

"म्हणजे भाडं."

"भाडं कसलं रे, ते पोर इथे एकटं—"

"फक्त हो किंवा नाही."

"हो."

तन्वीने उठून हरकत घ्यायला हवी होती. ती खाली मान घालून मोबाइलवर माझं शूटिंग करत होती.

शेवटी मॅडम बोलल्या. "नीट लक्षात ठेवा. वर्षानुवर्षं हक्काने वापर केला तर वहिवाट तयार होते. विचारून केला तर ती मालकाची मेहरबानी. तो उद्या बंद करू शकतो. साक्षीदाराने स्वतःच्या तोंडाने केस घालवली. हे लोक कोर्टात असेच बोलतात. तुम्ही त्याचा फायदा घ्यायला शिका."

हे लोक. मी तिथेच उभी होते, हातभर अंतरावर.

टाळ्या पडल्या. मीपण वाजवल्या.

दुपारी खळ्यावर बसून व्हिडिओ पाहिला. वर्गाच्या ग्रुपवर टाकला होता, मागे कोळीगीत लावून. मी पुन्हा पुन्हा पाहिला, कारण मला एक गोष्ट समजत नव्हती. ईशान रुमाल लावतो, पोरं हसतात, ते ठीक. पण सगळ्यांच्या वरून एक हसू ऐकू येत होतं. खिदळणं म्हणा. ते कुणाचं, ते शोधत होते. माझंच होतं. त्याने नाक दाबलं आणि मीच सगळ्यात मोठ्याने हसले. मला वाटलं असेल, पोरं खेळीमेळीने वागवतात. आपल्यात घेतलंय.

आपल्यात घेतलंय. त्या शहाणीला गजरा शोभत होता खरा.

दुसऱ्या दिवशी पहाटे गेटवर आम्ही बायका पोचलो. माझी चुलत जाऊ पुढे होती. रोजच्यासारखं म्हणाली, "जाव का रं बाबा?" वॉचमन म्हणाला, "जाओ मौसी." मागची म्हणाली, "जाव का?" तिच्या मागची म्हणाली. मला मॅडमची मेहरबानी आठवली.

आमच्यात न विचारता कुणी कुणाच्या होडीवर पाय ठेवत नाही. स्वतःच्या भावाची असली तरी हाक मारायची, येऊ का. ओट्यावर बसतानाही. तसं वळणच आहे. भिंत झाली तेव्हा गेटवर पहिला वॉचमन बसला. बिचारा परमुलखातला. त्याला पहिल्यांदा कुणी विचारलं असेल? मी. पस्तिशीतली, पदर सावरून, गोड आवाजात. मला वाटलं, केवढी मी रीतीची. माझं बघून बाकीच्या विचारायला लागल्या. आमच्या सासवांनी जिथे कुणाला विचारलं नव्हतं तिथे आम्ही रोज सकाळी रांग लावून आमचा हक्क एकेक करून खाली ठेवत होतो. वर बोंबलांचा वाटा.

आणि सोसायटीला तिथे गाड्या लावायच्या होत्या. दिवाळीनंतर गेट बंद होणार असं बोललं जात होतं. आम्ही हसत होतो. म्हणायचो, वॉचमन आपला माणूस आहे.

त्या खोट्या खटल्याची दुसरी फेरी होती. बाहेरून एक वकील न्यायाधीश म्हणून येणार होते. मॅडम म्हणाल्या, "आजी, मागच्या वेळी फारच छान केलंत. या वेळी टोपली पण आणा. रिकामी. वास नको."

मी गेले ती साध्या साडीत. ओळखपत्र गळ्यात. टोपली नाही.

ईशान उठला. रुमाल तयारच होता. "तुम्ही आत शिरण्याआधी—"

"मी साक्षीदार नाही."

"म्हणजे?"

"मी या वर्गातली विद्यार्थिनी आहे. मला साक्षीदार व्हायचं नाही."

तन्वी कुजबुजली, "आजी, यार, असं नका ना करू. माझे मार्क जातील."

मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून उतरून तिच्या टेबलाशी गेले, न्यायाधीशांकडे वळले. खूप वाचून आले होते. वॉचमन मालक नाही, परवानगी द्यायला त्याला कुणी नेमलं, हे सांगायचं होतं. आमचं विचारणं परवाना कसा होत नाही, तेही. पण तोंड उघडलं आणि शब्द एकमेकांवर आपटले. इंग्रजी शब्द मराठीत घुसले, मराठी शब्द घशात राहिले. "माय लॉर्ड" म्हणायला गेले ते काहीतरी भलतंच बाहेर पडलं. वर्ग हसला. या वेळी मी हसले नाही. त्यामुळे हसू कसं असतं ते नीट ऐकू आलं.

"आजी, बसा," मॅडम म्हणाल्या. "हे तुम्हाला झेपणारं नाही. नेमून दिलेलं काम करा, नाहीतर शून्य."

"शून्य द्या."

"काय?"

"शून्य द्या, मॅडम. पण माझं खळं तुम्ही मला विचारून घेतलं नव्हतंत."

बाहेरून आलेले वकील घड्याळ बघत होते. म्हणाले, "पुढची केस घेऊ या."

मॅडमनी शून्य दिलं. शब्दाच्या पक्क्या. त्या पेपरात मी नापास झाले.

गेटवर काय झालं तेही सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी तिथे मोठा पराक्रम केला. मी गेट ढकललं आणि आत गेले. न विचारता. वॉचमन स्टुलावरून उठला. रागावला नव्हता. त्याचा चेहरा पडला. "मौसी, पूछ तो लेती."

माझी चुलत जाऊ मागून ओरडली, "तुला शिकून येड लागलाय गो. त्या पोराचा काय चुकला?"

त्याचं काही चुकलं नव्हतं. मी त्याला पाचेक वर्षं भाकरी-कालवण खाऊ घातलंय. तापात त्याच्या कपाळावर हात ठेवलाय. त्या दिवसापासून मी त्याला विचारत नाही आणि वाटाही देत नाही. तो माझ्याकडे बघत नाही. बायका माझ्याशी जेमतेम बोलतात. म्हणतात, हिच्यामुळे गेट लवकर बंद होईल. होईलही. पण बंद झालं तर निदान एक बाई अशी असेल, जी कोर्टात उभी राहून सांगू शकेल की मी कुणाच्या मेहरबानीने आत जात नव्हते. एकीने भागणार नाही, हे कळतं मला. म्हणून रोज एकेकीच्या दारात बसते. शिव्या खाते. माझी सून तयार झाली. परवा तिने गेट ढकललं आणि दिवसभर मला बोल लावले. लाव म्हटलं. उद्या पुन्हा ढकल.

वाईट वाटतं का? वाटतं. त्या पोराचं वाटतं. पण चांगलं वागण्याची किंमत दर वेळी आमच्याच जागेतून जाणार असेल तर मला चांगलं म्हणवून घ्यायचं नाही. गोड आजी मेली. मीच मारली तिला. तेरावंही घातलं नाही.

नापास झालेला पेपर मी पुन्हा देणार आहे. आरशासमोर उभी राहून बोलते, नात चुका काढते, हसते, मी पुन्हा बोलते. मॅडमना लेखी कळवलंय की मी वकिलाच्या टेबलावर बसेन, दुसरीकडे कुठे नाही. पुन्हा शून्य दिलं तर पुन्हा बसेन.

आणि साक्षीदार कमी पडत असतील तर ईशानने स्वतःच्या आजीला आणावं. छान नटवून. उलटतपासणी मी घेईन.