अर्ज लिहिणारे साईं

पिंपरी कॅम्पातले साईं अर्ज लिहिताना समोरच्याला रडू देत नसत. फाळणीनंतर सिंधमधून उठून आलेली माणसं त्यांच्या सुई-दोऱ्याच्या दुकानात यायची. मागे राहिलेल्या घराबद्दल, शेताबद्दल त्यांना सरकारकडे भरपाईसाठी इंग्रजीत अर्ज लिहून हवा असायचा. सांगता सांगता कुणी रडायला लागलं की साईं टाक खाली ठेवत. "आधी रडून घ्या, मी थांबतो. अर्जात रडणं वाचता येत नाही. खोल्या किती होत्या, ते वाचता येतं." आणि समोरचा शांत होईपर्यंत बटणांचे डबे पुसत बसत.

तिकडे ते कॉलेजात इतिहास शिकवत. इथे बराकीतल्या एका खोलीत ते आणि त्यांच्या पत्नी, आमच्या चाची, राहत. चाची पापड लाटून विकायच्या. साईंचे केस पांढरेशुभ्र, त्यामुळे सगळे त्यांना म्हातारे समजत. मराठी त्यांनी गिऱ्हाइकांकडून उचलली होती. शब्द सगळे यायचे, फक्त बायकी-पुरुषी उलटंपालटं व्हायचं. "चहा आली, पी गरम गरम," म्हणायचे. मला 'पुट' म्हणत, त्यांच्या भाषेत मुलगा.

आम्ही पिंपरी गावातले, शेतीवाले. मी पुण्याला जाऊन-येऊन बी.ए. झालो, तेव्हा वडिलांनी माझी नोकरी मनाशी ठरवूनच टाकली होती. "नवा कारखाना निघालाय, तितं चिकट. घरची भाकर खाऊन जाशील," ते म्हणाले. मी मात्र वर्तमानपत्रातलं एक कात्रण खिशात घेऊन फिरत होतो. दिल्लीच्या एका संस्थेला आंतरराष्ट्रीय संबंधांवर संशोधन करणारे तरुण हवे होते. दोन वर्षांची फेलोशिप होती. मी ते साईंना दाखवलं.

त्यांनी ते तीनदा वाचलं. मग विचारलं, "वयाची अट पस्तीस लिहिलीय ना?"

"हो."

"मी चौतीसचा आहे, पुट."

त्या पांढऱ्या केसांखाली चौतीस वर्षांचा माणूस असेल, हे कधी मनातही आलं नव्हतं.

आम्ही दोघांनी अर्ज करायचं ठरवलं. साईंचा विषय तयारच होता, दोन देशांत वाटल्या गेलेल्या नद्या. मी 'आंतरराष्ट्रीय शांतता' असं लिहून नेलं. ते म्हणाले, "हा प्रश्न नाही, ही इच्छा आहे. इच्छेवर संशोधन होत नाही." मग मला दाराशी नेऊन बराकींची रांग दाखवली. "ही माणसं घरं सोडून आली. त्या घरांचं काय करायचं, यावर दोन सरकारं बोलतात. त्या बोलण्यात ही माणसं कुठे आहेत? ते शोध." माझा अर्ज त्यांनी पाच वेळा फाडला. सहाव्यांदा म्हणाले, "आता हा तुझा झाला."

त्यांच्या स्वतःच्या अर्जाची अडचण वेगळी होती. त्यांचं शिक्षण मामाकडे राहून लाहोरला झालेलं. पदवीचा कागद ट्रंकेत होता, आणि ट्रंक कराचीच्या बंदरात राहिली होती. त्यांनी लाहोरला तीन पत्रं टाकली. उत्तर आलं नाही. शेवटी कागद का नाही, हे चार ओळींत लिहून त्यांनी अर्ज पाठवला. तो परत आला. पदवीच्या पुराव्याशिवाय विचार करता येत नाही, असं सोबत लिहिलं होतं. त्याच आठवड्यात मला मुलाखतीचं बोलावणं आलं.

दुसऱ्या दिवशी मी तोंड लपवत गेलो, तर साईंनी दुकानाची फळी अर्धी ओढून घेतलेली. "बस. मी समिती आहे," म्हणाले. आठ दिवस ते मला उलटसुलट प्रश्न विचारत राहिले. गिऱ्हाईक आलं की चाची बाहेरच्या बाहेर दोरा देत. वडिलांच्या कानावर हे गेलं. ते इतकंच म्हणाले, "त्यो मानूस तुझ्यापायी धंदा सोडून बसतोय व्हय? मग जा बाबा."

दिल्लीत पाच जण समोर होते. त्यांना माझा विषय आवडला. त्यातल्या एका वयस्कर गृहस्थांनी आपुलकीने विचारलं, "प्रश्न फार नेमका मांडलाय. कुणी मार्गदर्शन केलं?"

बटणं विकणाऱ्या, पदवीचा कागद नसलेल्या माणसाचं नाव घेतलं तर हे काय म्हणतील, अशी भीती वाटली. मी म्हणालो, "नाही. माझं मलाच सुचलं."

माझी निवड झाली. परत आल्यावर साईंनी मुलाखतीतला प्रश्न न् प्रश्न विचारून घेतला. मी तेवढा एक सोडून सगळे सांगितले. त्यांनी कॅम्पभर पेढे वाटले.

दिल्लीहून मी पत्रं लिहायचो, सोबत माझ्या संशोधनाची प्रकरणं पाठवायचो. दर वेळी ती गोष्ट लिहायला बसायचो आणि हवापाण्यावर संपवायचो. त्यांची उत्तरं यायची, त्या प्रकरणांतल्या चुका दाखवणारी. दुसऱ्या वर्षी गावाहून कार्ड आलं. साईं दुकानातच छातीत कळ येऊन गेले होते. कार्ड माझ्या हाती पडलं, तेव्हा दहा दिवस उलटले होते.

सुट्टी मिळताच मी चाचींकडे गेलो. त्या पापड लाटत होत्या. मी जमिनीवर बसलो आणि समितीपुढे काय बोललो ते सगळं सांगितलं. त्यांचं लाटणं थांबलं.

"तू घाबरला होतास काय?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग साईंना सांगायचं ना रे. ते हसले असते."

ते हसले असते, हे मलाही ठाऊक होतं. तरी साईं असेपर्यंत ते एक वाक्य मला लिहिता आलं नाही.