यादीतलं दोनशे बारावं नाव

अवसरी बुद्रुकच्या भगवंतला कुणी "कॉम्प्युटर शिकलेला" म्हटलं की त्याची मान दोन बोटं वर जायची. सत्त्याण्णव साली तो पुण्याहून कोर्स करून आला, तेव्हा बागायतदाराच्या घरातलं पोरगं बटाटे सोडून बटणं दाबतंय याचंच गावाला कौतुक. घोडेगावात त्याने गाळा घेतला, दोन मशीन मांडली आणि लग्नपत्रिकेपासून अर्जापर्यंत येईल ते छापायला लागला. हुशार होता, हे मान्यच करायला हवं. फक्त "माझं चुकलं" हे शब्द चारचौघांत उच्चारायची त्याला सवय नव्हती. तेच पुढे अंगाशी आलं, आणि त्याच्या एकट्याच्या अंगाशी आलं असतं तर ही गोष्ट सांगायची गरजही नव्हती.

घोडेगावात ग्रामज्योत नावाचं एक मंडळ माघात मोतीबिंदूचं शिबिर भरवायचं. गावोगावचे गुरुजी दिवाळीआधी नावं लिहून पाठवायचे, मंडळाचे गेणभाऊ ती लाल फडक्यात बांधलेल्या वहीत उतरवायचे. शिबिराच्या दिवशी माणसाने नाव सांगायचं, गेणभाऊंनी बोट फिरवत ते वहीत शोधायचं, आणि मग त्या माणसाला पुण्याला ऑपरेशनला नेणाऱ्या गाडीत बसवायचं. बोट सावकाश फिरायचं, रांग दुपारपर्यंत हलायची नाही. दोन हजार तीन साली अध्यक्षांनी भगवंतला बोलावलं. भगवंत म्हणाला, "नाव टाईप केलं की डोळ्याचं पातं लवायच्या आत मशीन सांगंल. वही कपाटात टाका."

यादी त्याने एक्सएमएल फाइलमध्ये घातली, तेव्हा ती नवी रीत होती. नाव, गाव, वय, सगळं आपापल्या खणात. प्रोग्राम त्या फाइलला विचारायचा, की अमुक नावाचं माणूस आहे का? विचारताना ते नाव दोन अवतरणचिन्हांच्या मध्ये ठेवावं लागतं, म्हणजे कुठे सुरू झालं आणि कुठे संपलं ते मशीनला कळतं. आता गंमत अशी, की तेव्हाचे मराठी फाँट म्हणजे निव्वळ सोंग. वरून मराठी अक्षर दिसायचं, आत मशीनला कळणारी इंग्रजी खूण असायची. भगवंतच्या फाँटात 'द्र' या जोडाक्षराच्या आत नेमकं तेच अवतरणचिन्ह बसलेलं होतं. शिबिराच्या आदल्या दिवशी त्याने सहज आपल्या चुलतीचं नाव टाकून पाहिलं, चंद्रभागा. मशीनला वाटलं, नाव 'द्र'पाशीच संपलं. पुढच्या अक्षरांचं काय करायचं ते त्याला कळेना, आणि पडद्यावर चूक दाखवणारी लाल चौकट आली.

दुखणं कुठे आहे ते भगवंतला लगेच कळलं. नावाभोवती दुसऱ्या जातीचं अवतरणचिन्ह घातलं असतं, किंवा नाव तोडून दोन तुकड्यांत विचारलं असतं, तरी भागलं असतं. पण संध्याकाळी अध्यक्षांना प्रोग्राम दाखवायचा होता, आणि लाल चौकट दिसली तर शोभा होणार. म्हणून त्याने एकच ओळ घातली. काहीही अडलं, तरी चौकट न दाखवता "नाव यादीत नाही" एवढंच दाखवायचं. दृष्टीआड सृष्टी! शिबिर झालं की नीट करू, असं मनाशी म्हणून तो अध्यक्षांना आणायला गेला.

दुसऱ्या दिवशी रांग खरोखरच पळत होती. अध्यक्ष खुर्ची टाकून शेजारीच बसले होते, आल्या-गेल्याला "बघा आमचं कॉम्प्युटर" म्हणत होते. दहाच्या सुमाराला आहुप्याचे सोमाजी असवले बायकोला हाताला धरून पुढे आले. इंद्रायणीबाईंचा एक डोळा हिरडा झोडताना काटकी लागून बारा वर्षांपूर्वीच गेला होता. दुसऱ्यावर मोतीबिंदू चढला होता.

भगवंतने नाव टाकलं. नाव यादीत नाही.

"आसं कसं व्हईल?" सोमाजी म्हणाले. "गुर्जीनी माज्यासमोर लिवून घेतलं. म्या आसा हाताच्या अंतरावर उबा व्हतो की."

भगवंतने पडद्यावरचं नाव पुन्हा वाचलं. इंद्रायणी. त्यात 'द्र' आहे. आपण काल काय करून ठेवलं ते त्याला लख्ख आठवलं. मागून गेणभाऊ म्हणाले, "वही काढू का रं? कपाटातच हाये."

एवढं "काढा" म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण अध्यक्षांनी मान वळवून भगवंतकडे पाहिलं, रांगेतली माणसं टाचा उंचावायला लागली, आणि त्याच्या तोंडून निघालं, "वही बंद केलीये ना गेणभाऊ? मशीनमदी न्हाई म्हंजे न्हाई. आजी, पुढल्या साली या."

सोमाजी काही बोलणार, तोच इंद्रायणीबाईंनी त्यांचा हात ओढला. "चला. मशीन कशाला खोटं बोलंल? त्येचं आन आपलं काय वैर हाय व्हय? तुमीच गेला नसाल गुर्जींकडं. हिरडा यापाऱ्याला घालाया गेलात आन तितंच बसलात गप्पा मारीत."

"आगं, शपथ घेतो—"

"ऱ्हाऊं द्या शपथ."

दोघं बाहेर गेली. आहुप्याची एसटी दुपारी होती, म्हणजे ती तासन्‌तास स्टँडवर बसलेली असणार. भगवंतचा गाळा स्टँडपासून हाकेच्या अंतरावर. तो जेवायला गेला तेव्हा त्याने तिकडे बघायचं टाळलं.

संध्याकाळी त्याने फाइल उघडून डोळ्यांनी वाचली. दोनशे बारावं नाव इंद्रायणी सोमाजी असवले. 'द्र' असलेली नावं एकूण सात होती. बाकीचे सहा मंचरच्या आसपासचे; त्यांनी आरडाओरडा केला होता, ओळखी काढल्या होत्या आणि शेवटी गाडीत शिरले होते. मशीनवर विश्वास ठेवून मुकाट्याने परत गेली ती एकटी आहुप्याची बाई. ऑपरेशनं अजून दोन दिवस चालणार होती. सकाळी मोटरसायकलला किक मारली असती, तर तिला पुण्याला पोचवणं काही अवघड नव्हतं. पण मग अध्यक्षांना सांगावं लागलं असतं. भगवंतने ती ओळ काढली, अवतरणचिन्ह बदललं. दहा मिनिटांचं काम होतं. मग त्याने मशीन बंद केलं आणि घरी गेला.

पुढल्या वर्षी त्याने यादीत तिचं नाव सगळ्यात वर घातलं. पुकारलं, कुणीच पुढे आलं नाही. आहुप्याचा एक जण म्हणाला, "तिचा डोळा पावसाळ्यात पिकून फुटला, भाऊ. आता काय उपेग?"

त्यानंतर भगवंतचं सगळं चांगलंच चाललं. जुन्नरला दुसरा गाळा झाला, मराठीला धड फाँट आले. पण रांगेत कुणी म्हातारं माणूस बायकोला हाताला धरून दिसलं की तो उठून चहाला जायचा.

दोन हजार नऊ साली गेणभाऊ निवृत्त झाले. कपाट रिकामं करताना त्यांनी ती वही त्याच्यापुढे ठेवली, पान उघडून. "ह्या बाईचं नाव तर हाये की रं. तू न्हाई म्हनला व्हतास."

भगवंतने वही मागून घेतली. दुसऱ्या दिवशी वही घेऊन आहुप्याला गेला. इंद्रायणीबाई ओट्यावर बसून चाचपत नाचणी पाखडत होत्या. सोमाजींना जाऊन दोन वर्षं झाली होती. भगवंत पायरीवर बसला आणि त्याने सगळं सांगितलं. नाव होतं. मशीन अडलं होतं. मला ठाऊक होतं, आणि मी गप्प बसलो. सांगता सांगता त्याला रडू फुटलं. आपण इथे आपलं ओझं उतरवायला आलो, हेही त्याला कळत होतं आणि त्याची त्याला आणखी लाज वाटली.

म्हातारीने सूप खाली ठेवलं. "कुटं हाये नाव?"

त्याने तिचं बोट धरून वहीतल्या ओळीवर ठेवलं. ती बराच वेळ तिथेच बोट घासत राहिली.

"डोळ्याचं न्हाई काय," ती म्हणाली. "डोळे कुनाचं जन्मभर टिकत्यात? पर म्हातारा मरस्तवर सांगत व्हता, इंद्रे, म्या तुजं नाव दिलं व्हतं. शेवटच्या दिशीबी तेच. आन म्या म्हनायची, मशीन खोटं बोलंल व्हय?"