चाकाखालची तार

मोटरीचं झाकण उचललं आणि मिस्त्रीवहिनीच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "शी." दुसराही तोच. आत उंदराने चिंध्यांचं घर केलं होतं. पेट्रोलच्या नळीचा जोड कुणीतरी अंगाच्या साबणाने लिंपला होता, आणि कार्बोरेटरच्या वाटीत हिरवट चिकट गाळ बसला होता. वास असा, की दारात उभी राहिलेली होडीवाल्याची मुलगी दोन पावलं मागे सरली. वहिनी नाक मुरडून तिथेच बसून राहिली. ज्या यंत्रावर घर चालतं त्याला माणसं इतकं घाण ठेवतात तरी कशी, हा प्रश्न तिला सव्वीस वर्षं पडत आला होता आणि उत्तरादाखल दर वेळी नवी घाण मिळत आली होती.

पाण्याकाठच्या त्या शेडमध्ये होड्यांच्या मोटरी दुरुस्त होत. पाटी अजून तिच्या नवऱ्याचीच होती. मिस्त्रीला जाऊन दहा महिने झाले, शेड वहिनीने चालू ठेवली. त्याच्या हयातीत ती शेजारी पाटावर बसून सुटे भाग रॉकेलमध्ये धुवायची, हवा तो पाना हातात द्यायची. बारीक काम तर तीच करायची, कारण मिस्त्रीची बोटं जाड होती आणि चष्मा लावायची त्याला लाज वाटायची. तरी येणारा प्रत्येक जण मोटर खाली ठेवता ठेवता उसासा टाकायचा, मिस्त्री असते तर एव्हाना चालू झाली असती. वहिनी हे रोज गिळायची. आताशा ते घशाखाली उतरेनासं झालं होतं.

आज समोर पडलेल्या मोटरीला सगळा काठ म्हातारी म्हणायचा. होडीवाल्याने घेतली तेव्हाच ती जुनी होती. वरच्या चाकावर हाताने दोरी गुंडाळायची आणि हिसका मारून ओढायची, अशा जमान्यातली. गेली चौदा वर्षं तिचे नखरे चालले होते. होडीवाला सकाळी तीस-चाळीस वेळा दोरी ओढून घामाघूम व्हायचा, मग कुणीतरी मिस्त्रीला बोलवायला धावायचं. मिस्त्री चहा संपवून, सदरा झटकून, सावकाश यायचा. डावा तळहात झाकणाखाली सरकवून म्हातारीला कुरवाळायचा, काहीबाही पुटपुटायचा, आणि उजव्या हाताने एकच हिसका. म्हातारी धडधडायला लागायची. धक्क्यावरची माणसं थक्क व्हायची. एकाने त्याचा तसा फोटोही काढला होता, तो चौकटीत घालून शेडमध्ये लावलेला होता. वहिनी त्या गर्दीत उभी असायची आणि तिची मान ताठ व्हायची.

मिस्त्री गेल्यापासून म्हातारी बंदच होती. आता होडीवाल्याच्या हातून दोरीही ओढवत नव्हती. नऊ वर्षांपूर्वी मोडलेलं मनगट नीट जुळलंच नव्हतं. होडी तो मुलीच्या नावावर करणार होता. दुसऱ्या दिवशी सकाळी फेरीच्या कार्यालयातून तपासनीस येणार होता. नियम साधा होता. जो होडी चालवणार त्यानेच दोरीच्या तीन हिसक्यांत मोटर चालू करून दाखवायची, नाहीतर पलीकडच्या काठाच्या फेऱ्यांचा परवाना दुसऱ्याला. इतकी वर्षं मिस्त्रीच तपासनिसापुढे हिसका मारायचा आणि सगळे हसून सोडून द्यायचे. या वर्षी मुलीला स्वतः ओढायची होती, आणि कालपासून साठ वेळा ओढून तिच्या तळहाताला फोड आले होते.

वहिनीने कामाला हात घातला. उंदराचं घर चिमट्याने काढून लांब फेकलं. साबण खरवडला. जुनं पेट्रोल ओतून दिलं, त्याला आंबूस वास येत होता, आणि ताजं भरलं. कार्बोरेटर खोलून गाळ काढला, बारीक भोकांतून तार घालून फुंकर मारली. प्लग काजळीने काळाकुट्ट होता, तो नवा बसवला. एवढं करून मुलीला ओढायला सांगितलं. म्हातारीने साधी उचकीही दिली नाही.

मग तिने प्लग बाहेर काढला, त्याच्या टोपीत खोचून मोटरीच्या अंगाला टेकवला आणि पुन्हा ओढायला लावलं. ठिणगी नाही. तिने मुलीला वेगाची दांडी पुढे सारून ओढायला सांगितलं. निळी, कडक ठिणगी पडली. दांडी मागे घेतली, ठिणगी गेली. असं तिने पाच वेळा करून पाहिलं. थंड मोटर चालू करताना दांडी मागेच ठेवावी लागते. पार पुढे ठेवून ओढली तर ती उलटा हिसका मारते, आणि नऊ वर्षांपूर्वी होडीवाल्याचं मनगट तसंच मोडलं होतं. बिघाड होता तो चाकाखाली, ठिणगीचे भाग बसवलेल्या, दांडीबरोबर फिरणाऱ्या पट्टीत.

"चाक काढावं लागेल," वहिनी म्हणाली.

मुलगी घुटमळली. चाक कुणालाही काढू द्यायचं नाही, असं मिस्त्रीकाकांनी बाबांना बजावून ठेवलं होतं. बाबांनी ते इतकं मनावर घेतलं होतं, की गेल्या दहा महिन्यांत दोन मेकॅनिक आले तरी कुणाला वरच्या नटाला हात लावू दिला नाही. वहिनीला हे नवं नव्हतं. म्हातारीचं चाक मिस्त्रीने तिलाही कधी उघडू दिलं नव्हतं. ही माझी आहे, असं म्हणायचा. वहिनी त्याला माया समजत होती.

तिने नट सोडवला, चाक खेचून काढायचं हत्यार लावून ते वर घेतलं आणि चष्मा पुसला.

मोटर बंद करायच्या बटणाची एक तार या पट्टीवरून जाते. ती धातूला टेकली की ठिणगी मरते, म्हणून तिच्यावर रबर चढवलेलं असतं. इथे बोटाच्या पेराएवढ्या भागावर रबर नव्हतं. दांडी मागे असली की उघडा भाग बरोबर मोटरीच्या अंगाला टेकत होता, बोटभर पुढे सरकली की सुटत होता. तार घासून उघडी पडली असती तर रबराच्या कडा फाटक्या असत्या. इथे दोन्ही कडा सरळ होत्या, सुरीने कापल्यासारख्या. आणि तार हलू नये म्हणून ती दोऱ्याने आवळली होती, दुहेरी फास देऊन, एक टोक लांब ठेवून. तशी गाठ एकच माणूस मारायचा. दोऱ्याला मेण होतं. मिस्त्रीला मेण लावलेला दोरा लागायचा आणि तो वहिनी रात्रीच्या भांड्यांनंतर बसून स्वतः तयार करायची.

तिने भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. डावा हात झाकणाखाली गेलेला. कुरवाळत नव्हता. दांडी बोटभर पुढे दाबून धरत होता.

पैशांसाठी केलं असतं तर तिला निदान समजलं असतं. मिस्त्री त्या हिसक्याचा एक पैसाही घ्यायचा नाही. त्याला फक्त कुणीतरी बोलवायला धावत यायला हवं होतं. सदरा झटकून सावकाश जायला मिळायला हवं होतं. तेवढ्यासाठी एक माणूस पाच वर्षं रोज सकाळी खांदा मोडून घेत होता, आणि शेवटी घाईच्या एका सकाळी दांडी पार पुढे सारून त्याने मनगट मोडून घेतलं. मिस्त्री त्याला बघायला दवाखान्यात गेला होता. यंत्राला जीव लावावा लागतो, जबरदस्ती चालत नाही, असं सगळ्यांदेखत सुनावून आला होता. डबा घेऊन वहिनी मागे उभी होती आणि तिने मान डोलावली होती. त्या आठवणीने तिला स्वतःचीही किळस आली. साबणाची, उंदराची, गाळाची घाण धुता येत होती.

"काय झालं, काकू?" मुलीने विचारलं.

"तार बदलायची आहे," वहिनी म्हणाली. जुना तुकडा तिने दोऱ्यासकट कापून पदराच्या टोकाला बांधला. नवी तार घातली, रबराची नळी चढवली, धातूपासून लांबून फिरवून घेतली. काम चोख झालं. मग तिने हात रॉकेलने धुतले, साबणाने धुतले, घरी जाऊन पुन्हा धुतले, आणि ताट पुढ्यात घेऊन न जेवताच उठली.

सकाळी धक्क्यावर माणसं जमली होतीच. तपासनिसाने वही उघडली. मुलीने दांडी मागे घेतली, दोरी गुंडाळली आणि ओढली. पहिल्याच दोरीला म्हातारी धडधडली. मुलगी होडी वळवून परत धक्क्याला आली, वेग कमी केला, तरी बंद पडली नाही. चौदा वर्षं ती धक्क्याशी आली की मरायची आणि उरलेलं अंतर वल्ह्याने कापावं लागायचं. तपासनिसाने सही केली.

होडीवाल्याचे डोळे भरून आले. तो वहिनीजवळ येऊन म्हणाला, "वाटलं मिस्त्रीच आले, वहिनी. त्यांनीच केलं हे."

वहिनीने पदराची गाठ सोडली आणि तारेचा तुकडा त्याच्या हातावर ठेवला. "हे त्यांनी केलं होतं, भाऊजी. तार सुरीने सोललेली आहे. दांडी मागे असली की ठिणगी मरावी म्हणून. दोरा माझा आहे, पण मला माहीत नव्हतं."

होडीवाला तीस वर्षं मोटरीबरोबर काढलेला माणूस, त्याला आणखी सांगावं लागलं नाही. तो तारेकडे बघत राहिला, मग आपल्या वाकड्या मनगटाकडे. त्याने मूठ मिटली. "झालं ते झालं. हे कुणाला सांगू नका, वहिनी. गेलेला माणूस. लोक मानतात त्यांना."

काल चाकाखाली जे दिसलं त्यापेक्षा हे ऐकून वहिनीला जास्त शिसारी आली. "मनगट तुमचं मोडलं," ती म्हणाली, "आणि जपायचं नाव त्यांचं?"

त्याने मान खाली घातली, मूठ मात्र उघडली नाही. मुलगी होडीतून सगळं ऐकत होती. तिने मोटर बंद केली, धक्क्यावर आली आणि फोड आलेला हात बापापुढे धरला.

"बाबा, ती तार द्या," ती म्हणाली. त्याने दिली, तिने ती वहिनीला दिली.

वहिनी शेडमध्ये आली. फोटो तिने काढला नाही, त्याच खिळ्याला तारेचा तुकडा अडकवला, झाकणाखाली गेलेल्या हातासमोर लोंबेल असा. मग पाटावर बसून पुढची मोटर ओढून घेतली. दुपारपर्यंत तीन गिऱ्हाइकं आली. तिघांनीही मोटर खाली ठेवता ठेवता उसासा टाकला, मिस्त्री असते तर. वहिनीने हातातलं काम थांबवलं आणि तिघांनाही पहिल्यापासून सगळं सांगितलं.