जगदेव भेला त्याची गोष्ट

रिठदला चंपतच्या टपरीवर चहाआधी बातमी उकळली: जगदेव हाडवैद्य भेला, घाबरला! पंचफुलाची पोरगी सायली कण्हत पडली होती अन् या बहाद्दरानं तिला बोटसुद्धा लावलं नाही म्हणे.

बोट लावलं होतं. कोपराला नाही, नखाला. पंचफुलानं स्वतः पाहिलं.

सायली सोयाबीनच्या पोत्यांच्या थप्पीवरून कोपरावर पडली. आजी जिजाबाईनं लगेच हळद-चुन्याचा लेप थापला, बांबूच्या कामट्या लावल्या अन् भाऱ्यासारखं करकचून बांधलं. घट्ट बांधलं की हाड जुळतं, हे इथं शेंबडं पोरही सांगतं. मग जगदेवकडे नेलं. अर्ध्या गावाचे मुरगळलेले पाय त्यानं आपल्या वांग्याच्या बांधावर बसून सरळ केलेले. मोबदला एक नारळ, वर त्याचं बेसूर भजन ऐकून घ्यायचं.

त्यानं नख दाबून सोडलं. पांढरं झालं ते पांढरंच राहिलं. बोटं माठासारखी गार. कात्रीनं त्यानं सगळं बांधलेलं कापून काढलं, पुन्हा दाबलं. तेच. त्यानं हात मागे घेतला, तशी पंचफुला हादरली.

"हाड बसव ना! कायची वाट पाहून राह्यला?" जिजाबाई डाफरली.

"हे माह्या हातचं नाही, काकू. हाडाखाली शीर दबली, बोटात रक्त पोचून नाही राह्यलं. हात जाईन पोरीचा. जीप सांगा!"

तेवढ्यात म्हातारीनं नातीसमोर चहा धरला. जगदेवनं कप हिसकला अन् स्वतःच ढोसला. "भूल द्या लागन तिले. पोट रिकामं पाह्यजे."

वाशीमपर्यंत जीप उसळत होती, पण जगदेवनं शेल्यात धरलेला सायलीचा हात काही हलला नाही. जगदेव घामानं निथळत होता. डॉक्टरांनी लगोलग ऑपरेशनला घेतलं, हाड जागेवर आणून तारा घातल्या.

सायली बाहेर आली. पंचफुलानं भीत भीत नख दाबलं, सोडलं. कोरड्या वाफ्यात पाटाचं पाणी शिरावं तसा गुलाबी रंग वर चढला. तिनं पुन्हा दाबलं, पुन्हा चढला. सिस्टर ओरडली तरी ती दाबतच राहिली. रडतही होती, हसतही होती.

आता सायली आपली वेणी आपणच घालते. परवा ती वेणी मिरवत टपरीपुढून गेली, तर तिथं बसलेल्या जगदेवची चंपतनं खोडी काढलीच, "काहून जगदेव, त्या दिवशी भेला म्हन्तेत तू?"

"भेलो ना. नसतो भेलो, तं हे पोरगी जलमभर मायकून वेणी घालून घेत राह्यली असती. चाय दे."